तुम्ही विचारलंत म्हणून: अंदमानच्या तुरुंगातली कडी

ओळखीतलं कुणी अंदमानला निघालं की मला हमखास फोन येतो, आणि प्रश्नही ठरलेला: ‘सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी नेमकी कुठे आहे?’ तुम्हीही तेच विचारलंत. सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. जा, हात जोडा. पण लगेच खाली उतरू नका. शेजारच्या कुठल्याही कोठडीच्या दाराची कडी पाहा.

मी एका कोठडीत शिरले. साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. मागच्या भिंतीत, दहाएक फुटांवर, एक झरोका. गजांचं दार नुसतं ओढून घेतलं आणि गजांतून हात बाहेर काढला. कडीचा लांब दांडा दारापासून बाजूला, भिंतीतल्या खोबणीत जाऊन बसतो, कुलूप तिथे. खांदा गजांना रुतेपर्यंत हात ताणला, तरी बोटांना लागला तो फक्त गिलावा. कैद्याचा हात कुठवर पोचेल हे कुणीतरी आधी बसून मोजलं होतं, या विचाराने पोटात कालवलं.

सगळी इमारतच अशी मोजूनमापून बांधली आहे. मध्ये मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती. जवळपास ७०० कोठड्या, प्रत्येकीत एकच माणूस. आपल्या चाळीसारखाच पुढे लांब व्हरांडा आणि ओळीने खोल्या. पण चाळीत दार उघडलं की समोर माणूस दिसतो, इथे समोर येते ती पुढच्या इमारतीची पाठ. एकाचा चेहरा दुसऱ्याला दिसू द्यायचा नाही. बाबाराव सावरकर आधीपासून याच तुरुंगात होते. १९११ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ तात्याराव, म्हणजे विनायक सावरकर, यांना तिथे आणलं, तरी सख्ख्या भावांची कितीतरी दिवस गाठ पडली नाही. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपून रोज ३० पौंड खोबरेल काढायला लावायचे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र या न दिसण्याचीच जास्त धास्ती वाटते.

आणि हे रागाच्या भरात केलेलं नाही. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ पासून, अंदमानात कैदी पाठवत होतेच. पण ते बेटांवरच्या वसाहतीत राहत, उघड्यावर राबत. १८९० मध्ये ल्यॉल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी केली. हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना काळं पाणी बरं वाटतं, असं त्यांना दिसलं. तेव्हा आल्याआल्या काही काळ एकांतवासाची कडक कैद हवी, अशी त्यांनी शिफारस केली. १८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं. विटा ब्रह्मदेशातून आल्या, भिंती कैद्यांनीच उभ्या केल्या.

सातांपैकी आज तीनच इमारती उरल्या आहेत. १९४१ च्या भूकंपाने तडाखा दिला, जपान्यांनी काही भाग पाडला, काही स्वातंत्र्यानंतर गेला. त्याच आवारात आता सरकारी रुग्णालय आहे.

संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची तिकिटं नाही मिळाली तर हळहळू नका. गर्दी पांगली की खालच्या एखाद्या कोठडीत एकट्याने पाच मिनिटं उभे राहा. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही गजांतून हात घालून कडी लागते का बघायला सांगा.