आधी वायर दाखवा

"संगणकावर चालू टीव्ही थांबवायचाय, रेकॉर्डही करायचाय. एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांगा ना." लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. मी उलट विचारतो, "तुमच्या संगणकात टीव्ही येतो कुठून?" की समोरच्याला वाटतं, हा नाव सांगायला टाळाटाळ करतोय.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी नावं घ्या. लिनक्सवर रेकॉर्ड करायला टीव्हीहेडएंड आणि बघायला कोडी. विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर. सगळी फुकट. झालं? आता यातलं एकही तुमच्याकडे धड चालायचं नाही आणि त्यात सॉफ्टवेअरची काहीच चूक नसेल.

मुंबईत हे गणित फिरलं ते 31 ऑक्टोबर 2012 ला. केबल डिजिटल करायची मुदत त्या दिवशी संपली. तोवर केबलवाल्याची वायर थेट संगणकातल्या ट्यूनर कार्डात, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या कार्डात, जायची. चॅनेल लावायचं काम कार्डच करायचं आणि सॉफ्टवेअर कार्डाला हुकूम द्यायचं: रात्री नऊला अमुक चॅनेल, दहाला बंद. तेव्हा मीही छातीठोकपणे सांगायचो, विंडोज मीडिया सेंटर घ्या, डोकं लावायचं कामच नाही. डिजिटल झाल्यावर वायरीतला सिग्नल एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, झाला आणि त्याची किल्ली सेट-टॉप बॉक्सकडे गेली. तीच वायर जुन्या कार्डात घातली की नुसत्या मुंग्या. म्हणजे ट्यूनरचं काम बॉक्सकडे गेलं आणि संगणक नुसता प्रेक्षक उरला. रेकॉर्डिंगच्या वेळी बॉक्स दुसऱ्या चॅनेलवर असेल तर तेच रेकॉर्ड होतं. कोणी रिमोटला हात लावला नाही म्हणून बॉक्स स्वतःहून स्टँडबायला गेला, तर दोन तासांचा काळा पडदा उत्तम दर्जात मिळतो आणि सॉफ्टवेअर लिहितं, रेकॉर्डिंग यशस्वी. ते खोटं बोलत नाही. त्याला जे दिसलं ते त्याने नोंदवलं. बॉक्सच्या डोळ्यासमोर आयआर ब्लास्टर, म्हणजे रिमोटची नक्कल करणारा छोटा दिवा, चिकटवून संगणकाकडून चॅनेल बदलून घेता येतं, पण चिकटपट्टी सुटली की परत तेच. पुढे 2015 मध्ये विंडोज 10 आलं, त्यात मीडिया सेंटरही उरलं नाही. माझा जुना सल्ला तीन वर्षांत दोनदा मेला. तो चुकीचा होता असं मी अजूनही म्हणत नाही. त्या वायरीला तो बरोबरच होता.

बॉक्सच वापरायचा असेल तर एचडीएमआयचा नाद सोडा. त्यावर एचडीसीपीचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप असतं आणि बाहेरचं चित्र संगणकात घेणारं साधं कॅप्चर कार्ड काळा पडदा दाखवतं. उरते पिवळी-पांढरी-लाल वायर, म्हणजे चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, सेकंदाला 25 फ्रेम, त्याही इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी येणाऱ्या. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, यूएसबीची कॅप्चर काडी मिळते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या काड्यांत एसटीके1160 चिप निघते, नाहीतर यूटीव्ही007, आणि ड्रायव्हर चिपवर ठरतो, डबीवर नाही. घेतानाच लावून बघा.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग व्हायला सिग्नल उघडा हवा. मुंबईत त्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे दूरदर्शनची फुकट डिश सेवा, डीडी फ्री डिश, आणि संगणकाला लावायचा डिशचा ट्यूनर, डीव्हीबी-एस2. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंश वर लागतो. समुद्राकडे, पश्चिमेला तोंड असलेली बाल्कनी कितीही महाग असली तरी इथे कुचकामी. आग्नेयेच्या बाल्कनीतही वरचा स्लॅब आड येतो, मग गच्ची आणि सोसायटीची परवानगी. पण एकदा जमलं की ट्यूनर अख्खा ट्रान्सपाँडर, म्हणजे एका लहरीवरचा चॅनेलांचा गठ्ठा, उचलतो. त्यावरचे तीन कार्यक्रम एकाच ट्यूनरने एकदम रेकॉर्ड करता येतात. हे बॉक्सच्या मार्गाने कधीच होत नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे: चॅनेलचे सेकंदाला जितके मेगाबिट, त्याला 0.45 ने गुणा, तेवढे जीबी तासाला. तीन मेगाबिटचं चॅनेल म्हणजे तासाला 1.35 जीबी. डिस्क जुन्या एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर 4 जीबीला फाइल संपते आणि मॅचचा निकाल गायब. रेकॉर्डिंग टीएस या फाइल प्रकारातच ठेवा. वीज गेली तरी तोवरचं चालतं. एमपी4 ची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, ती राहिली की फाइल उघडतच नाही. मॅच असेल तर शेवटी तासभर जादा वेळ धरा, कार्यक्रमपत्रिकेवर विश्वास नको. संगणकाची झोप बंद करा.

टीव्हीहेडएंडच्या नोंदीत कंटिन्युइटी एरर, म्हणजे सिग्नलचे तुकडे हरवल्याच्या नोंदी, वाढायला लागले की सेटिंग उकरत बसू नका, गच्चीवर जा. जुलैच्या पावसात सिग्नल बसतो ते वेगळं, पण पाऊस थांबल्यावरही एरर राहिले तर बहुधा एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या डबीच्या, कनेक्टरात पाणी आहे. पाणी खाली गळून जावं म्हणून वायरला जोडाखाली झोल द्या, जोडावर रबर टेप गुंडाळा.

थांबवण्याबद्दल सगळ्यांचा गैरसमज एकच. टाइमशिफ्टचा, म्हणजे चालू टीव्ही थांबवण्यासाठी होणारा, साठा चालू चॅनेलपुरता असतो. घरातल्या कोणी चॅनेल बदललं की तो गेला. म्हणून मोलाचं काही असेल तर सरळ रेकॉर्डिंग लावा आणि तेच मागून बघा.

"एवढं करण्यापेक्षा बॉक्सच्या यूएसबीला डिस्क लावली तर?" लावा. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्सवर थांबवणंही जमतं. मला त्याचा राग यायचा, आता तितका येत नाही. फक्त ते रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं. कंपनी बदलली, बॉक्स परत गेला, की डिस्क भरलेली आणि तुम्ही रिकामे. तरी दहा मिनिटं मॅच थांबवण्यापुरता संगणक कशाला, याचं उत्तर माझ्याकडेही रोज सारखं नसतं.

तेव्हा आधी बॉक्सच्या मागे टॉर्च मारा. तीन रंगांच्या भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असेल तर त्याची वायर बॉक्ससोबत आलेलीच शोधा. बाजारातल्या वायरींत चित्र आणि ग्राउंडच्या जागा वेगळ्या असू शकतात, मग चित्राऐवजी घरघर येते आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात.