तंबोऱ्याची पहिली तार कशात आहे?

फेब्रुवारी

आधी हिशेब. कपाटात आजच्या तारखेला ११८ एलपी आणि १४ लाखेच्या तबकड्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी) आहेत. कॅसेटी मोजायचं सोडून दिलंय. यंदा नवीन काही आणायचं नाही, आहे तेच नीट वाजवायचं, असं बायकोपुढं कबूल केलंय. (जुलैपर्यंत टिकलो.)

सेट जुनाच. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-१२०एक्स टर्नटेबल, त्याच्यासोबत आलेलं हिरव्या सुईचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी), सेकंडहँड घेतलेला ॲम्प आणि दोन लहान स्पीकर. खोली दहा बाय दहा, छतही दहा फुटांवर. ज्यांना यातलं कळतं ते आत्ताच हसले असतील. मला ते मे महिन्यात कळलं.

नवा सेट लावला की लोक तबला ऐकून बघतात, कुणी सतारीची मींड. माझी कसोटी ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी आहे. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, आणि रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच आवाज. मारव्यात पंचम वर्ज्य, त्यामुळं तंबोऱ्याची पहिली तार नेहमीसारखी पंचमात लावून चालत नाही. निषादात लावतात, नाहीतर धैवतात. आमच्या घरी ही एलपी पंधरा वर्षं वाजतेय आणि ती तार कशात लावलीय हे मला अजून सांगता येत नाही. खाँसाहेब षड्जापासून दूर दूर राहून गातात, मागं तंबोरा आहे एवढं कळतं, पण तो एखाद्या धुरासारखा. वर्षभराचं काम ठरलं ते असं: ती तार ऐकू आली पाहिजे.

मार्च

पहिला अडथळा गुणगुण. आवाज नेहमीच्या पातळीला असला तर जाणवत नाही, पण आलापीच्या शांत जागी स्पीकरमधून कुणीतरी ओठ मिटून गात असल्यासारखं येतं. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार ॲम्पच्या मागच्या स्क्रूला घट्ट आहे, ते तपासलं. मग वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावला आणि म्हणाला, "अर्थिंग नावालाच आहे की तुमची."

आपल्याकडची काळी माती होळीपासूनच भेगाळायला लागते. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुकून सुटली की वायर जोडलेली असूनही नसल्यासारखीच. खड्डा उकरून कोळसा आणि मीठ भरलं. ओलाव्यासाठी आरओचं फेकून द्यायचं पाणी रोज एक बादली तिथं ओततो. आईला ते बघवलं नाही. "माणसांना पाणी नाही अन् तू खड्ड्याला पाजायलास!" ज्या लातुरात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला आरओचं खारं पाणी वेगळं, हे समजावून सांगणं अवघड आहे. मी प्रयत्न केला नाही.

फरक मात्र मोठा पडला. पेटीच्या काळी एक पट्टीचा षड्ज धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ, त्याचा खर्ज (खालच्या सप्तकातला सा) ६९. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० वर आणि १०० वर. म्हणजे खर्जाच्या दोन्ही अंगांना दोन आगंतुक मांडी घालून बसलेले. ते उठले आणि खर्जाची तार छेडल्यावरचा थर पहिल्यांदा नीट लागला. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचा नाद तेव्हाच सोडला. आमचा चौकोनी लाटेचा आहे, स्पीकरमधून भुंगा सोडल्यासारखं होतं.

एप्रिल

या महिन्यातलं जरा सविस्तर लिहितो, कारण ख्याल ऐकणाऱ्यांनाच ते जास्त लागू आहे.

एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, पहिल्या ओळीतही आणि शेवटच्या ओळीतही. पण बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि आत लेबलाजवळ येईपर्यंत ती २१ वर येते. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. आता आपला ख्याल कसा चढतो बघा. विलंबित सुरू होतं ते काठाला, ऐसपैस जागेत. मध्यलय, द्रुत, आणि ज्या ताना सुईला सगळ्यात जड जाव्यात त्या नेमक्या सगळ्यात अडचणीच्या जागी. उस्ताद तानेला हात घालतात आणि आपल्याला वाटतं रेकॉर्ड झिजली. दर वेळी झिजलेली नसते. सुई खाचेत तिरकी बसलेली असू शकते.

मी कार्ट्रिज पुन्हा बसवायला घेतलं. इंटरनेटवरून बेअरवाल्डचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसवायचा मापाचा कागद, उतरवला. त्यात मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या आसपास दोन बिंदू असतात, तिथं कार्ट्रिज रेघेला समांतर बसलं पाहिजे. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढली आणि दोन रात्री जागून पहिल्यापेक्षा वाईट आवाज मिळवला. ताना तर फाटतातच, आता विलंबितातला सकारही शिट्टी मारायला लागला. तिसऱ्या रात्री पट्टी लावून बघितलं तर कागदावरची १०० मिलिमीटरची रेघ ९७ भरली. प्रिंटरनं पान 'मापात बसवून' दिलं होतं! दोष झेरॉक्सवाल्याचा नाही. मोजून घ्या असं त्या कागदावरच छापलेलं होतं, मी ते वाचलं नाही.

दुसरी प्रिंट पूर्ण मापाची काढली. वजन सुईला २ ग्रॅम, सुई धरणारा आडवा हात सपाट. दरबारीच्या शेवटच्या ताना आता मोकळ्या येतात. अगदी स्वच्छ म्हणणार नाही, पण सूर कुठला ते कळतं. पहिली तार अजून नाही.

मे

त्रेचाळीस अंश. रेकॉर्डी पत्र्याच्या खोलीतून हलवून आईच्या माळवदाच्या खोलीत नेल्या, सगळ्या उभ्या, घट्टही नाही आणि कललेल्याही नाहीत. एक एलपी दिवाणावर दुपारच्या उन्हात राहिली आणि पापड झाली. दोन काचांमध्ये दाबून ठेवलीय, आशा कमी.

कूलर चालू ठेवला तर तंबोरा जातो, बंद केला तर आपण जातो. म्हणून ऐकणं पहाटे पाचला, बैठक मोडून चहा साडेसहाला. पण त्या शांततेत नवाच दोष सापडला. डग्गा एका ठरावीक घुमाऱ्याला फुगतो, जणू कुणी रिकामा पिंप बडवतंय. खोलीची तिन्ही मापं सारखी, दहा फूट. एवढ्या अंतरात उभी राहणारी लाट ५६ हर्ट्झची, तिची दुप्पट ११२, आणि तिन्ही दिशांनी तीच. डग्ग्याच्या घिस्स्याचा (तळहात घासून काढलेल्या घुमाऱ्याचा) मुक्काम तिथंच कुठंतरी. विकतचे पॅनेल आणायची ऐपत नाही आणि कापसाच्या मुलखात गरजही नाही. सरकी काढलेला कापूस पिंजून घेतला, गादीवाल्याकडून सहा इंची चार गाद्या शिवून घेतल्या आणि चार कोपऱ्यांत उभ्या बांधल्या. खालच्या लाटांना गादी पुरी पडत नाही, हे मान्य. पण बसायची जागा भिंतीपासून अडीच फूट पुढं घेतली आणि उरलेलं निम्मं काम तिथंच झालं. लेकीला वाटतं खोलीत कुणी पाहुणे येणार आहेत.

जून

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. पेरणीत मान वर निघत नाही. एकही बाजू ऐकली नाही.

जुलै

अंबाजोगाईत एक जुना वाडा पाडायला काढला होता. ओळखीच्या भंगारवाल्याचा फोन आला, "काळ्या थाळ्या हायत, वजनानं घ्यायलाव का?" वजनानं नाही, नगानं घेतल्या. २७ लाखेच्या तबकड्या, ज्वारीच्या पोत्यात. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, काही भावगीतं, आणि चारपाचांची लेबलंच उंदरांनी खाल्लेली.

धुण्याबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांना सांगतो. बोअरचं पाणी अजिबात नको, वाळल्यावर खाचेत क्षार राहतो आणि खरखर वाढते. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं. आणि एलपीच्या सवयीनं त्यात आयसोप्रोपिल (एक प्रकारचं स्पिरिट) घालू नका. मी घातलं. एलपी व्हिनाइलची असते, तिला थोडं चालतं. ही लाख आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश सुतार त्यावरच करतात, हे माहीत असून हात गेला. डोळ्यांदेखत चकाकी गेली, खाच धूसर झाली. बालगंधर्वांचीच होती. आता ती भिंतीवर आहे, खिळ्याला, माझ्या नजरेसमोर राहावी म्हणून. उरलेल्या २६, आधीच्या १४, म्हणजे वाजणाऱ्या ४०.

७८ साठी सुई वेगळी लागते हे नव्यांसाठी. तिची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची सुई तिच्यात तळाला लोळते आणि फक्त कचरा वाचते. व्हीएम९५ चं बरं की अख्खं कार्ट्रिज बदलावं लागत नाही, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई पुढं सरकवून बसवायची आणि वजन ५ ग्रॅम.

ऑगस्ट

तबकड्या संगणकावर उतरवून घेणं सुरू. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. मिनिटाला सुमारे ३५ एमबी. लाखेच्या तबकडीला एवढं कशाला, असं विचारणारे बरोबर आहेत, पण टिकटिक काढणाऱ्या सॉफ्टवेअरला टिकटिक टोकदार मिळाली तर ती नेमकी सापडते. जुन्या तबकड्या मोनो, खाच फक्त आडवी हलते. सुई वरखाली जे काही हलते ती निव्वळ घाण. दोन्ही चॅनेल एकत्र केले की ती घाण आपोआप वजा होते. कधी खाचेची एक भिंत जास्त खाल्लेली असते, तेव्हा चांगल्या बाजूचा एकच चॅनेल घ्यायचा. ही युक्ती फुकट आहे आणि हजारांच्या केबलपेक्षा जास्त देते, हे मी केबल घेतल्यावर म्हणतोय.

मग हात शिवशिवले आणि मारव्याची एलपीही उतरवली. खरखर काढायला नमुना द्यावा लागतो; मी सुरुवातीचे चार सेकंद दिले, जिथं गाणं नाही. निकाल ऐकून लेक म्हणाली, "बाबा, मागचं ते कुठं गेलं?" त्या चार सेकंदांत तंबोरा सुरू झाला होता. सॉफ्टवेअरच्या लेखी जे एकसारखं चालू राहतं तो कचरा, आणि एकसारखं चालू राहणं हेच तर तंबोऱ्याचं काम. त्यानं तंबोरा वेचून वेचून काढला, खाँसाहेब एका पांढऱ्या खोलीत एकटेच. काही बाजारी 'रिमास्टर्ड' आवृत्त्या अशा कोरड्या का लागतात याचा मला तरी अंदाज आला. आता नमुना सुई टेकल्यापासून तंबोरा सुरू होईपर्यंतच्या कोऱ्या खाचेतून घेतो, आणि खरखर निम्मीच काढतो.

सप्टेंबर

उदगीरचे एक निवृत्त संगीतशिक्षक, आम्ही गुरुजीच म्हणतो, दोन दिवस मुक्कामी होते. लेबल खाल्लेल्या तबकड्यांतली एक लावली. बाईंचा आवाज, भैरवी, साथीला पेटी. गुरुजींनी आमची पेटी काढली, एक पट्टी दाबली, दुसरी दाबली. "हे दोन पट्ट्यांच्या मधी गायलंय. कमी कर."

अठ्ठ्याहत्तर हे नावालाच अठ्ठ्याहत्तर. सुरुवातीच्या काळात कमीजास्त वेगानं सर्रास रेकॉर्ड व्हायचं. वेग सहा टक्के चढला तर सूर एक पट्टी चढतो. मी टर्नटेबलचा वेगाचा स्लायडर हळूहळू खाली घेत गेलो. "अजून... अजून... हां, थांब." उणे अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ७६ फेरे. बाई एकदम पोक्त वाटायला लागल्या, मघाशी त्या घाईत होत्या.

"आता बरोबर ना?" मी विचारलं.

"पेटीत बसलं एवढंच. त्या काळची पेटी कशात लावलेली होती ते तू बघायला गेलतास?"

वहीत '७६?' असं प्रश्नचिन्हासकट लिहून ठेवलंय. शेवटाला त्या बाईंनी नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजाननं रेकॉर्डच्या शेवटी सांगितलं तसं. तेव्हा तबकड्या हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिकडच्या माणसांना गायिका ओळखता यावी म्हणून ते लागायचं. या तबकडीवर शेवटी नुसती पेटी थांबते.

जाण्याआधी गुरुजींना पहाटे मारवा लावून दिला. संध्याकाळचा राग, अवेळी आहे हे ठाऊक होतं, पण कूलर बंद असायला तीच वेळ. डोळे मिटून दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, "पहिली तार ऐकू यायलीय की." मलाही येत होती. कशात आहे ते आम्ही दोघांनी कागदावर वेगवेगळं लिहिलं आणि कागद उघडले तर दोघांचं वेगळं निघालं. तुमच्याकडं ही एलपी असेल तर ऐका आणि कळवा. मी माझं उत्तर सध्या सांगत नाही.