एडिनबरा ते ट्वीडबँक: ४६ वर्षांनी परतलेली बॉर्डर्स रेल्वे, आणि तिथून पुढे

दक्षिण स्कॉटलंडच्या, इंग्लंडच्या सीमेलगतच्या बॉर्डर्स भागात नेणारी ही गाडी एडिनबराच्या वेव्हरली स्थानकात ‘ट्वीडबँक’ या नावाने लागते. अंतर साधारण ५७ किमी, वेळ तासाच्या आत. सोमवार ते शनिवार दिवसा अर्ध्या तासाला एक गाडी, रात्री आणि रविवारी तासाला एक. गाडी डिझेलवरची, दोन-तीन डब्यांचीच. त्यामुळे ऑगस्टच्या महोत्सवात, नाताळाआधीच्या शनिवारी आणि एडिनबराच्या मरीफील्ड मैदानावर रग्बीचा सामना असेल त्या दिवशी उभ्याने जावं लागू शकतं. अशा दिवशी परतताना गॅलाशील्स या आधीच्या स्थानकाऐवजी शेवटच्या ट्वीडबँकलाच चढा. तिकीट आधी काढा, छोट्या स्थानकांवर खिडकी नाही, यंत्र आहे. मधे कुठे उतरायचं असेल तर तिकीट घेतानाच विचारून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून या गाड्या चालवणाऱ्या स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचं जादा भाडं बंद केलंय, त्यामुळे सकाळी नऊच्या आधी निघायला काहीच हरकत नाही. सायकल नेता येते, पण जागा मोजक्याच.

हा मूळचा एडिनबरा ते इंग्लंडमधलं कार्लाइल असा ‘वेव्हरली मार्ग’, ९८ मैलांचा. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा असं सांगणाऱ्या बीचिंग अहवालानंतर तो बंद करायचं ठरलं. डिसेंबर १९६८ मध्ये याच मार्गावरच्या हॉइक गावच्या मॅज एलियट यांनी हजारो सह्यांचं निवेदन लंडनला पंतप्रधानांच्या घरी नेऊन दिलं. तरीही ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी सुटली. न्यूकॅसलटन गावच्या लोकांनी फाटक लावून ती अडवली, तिथल्या पाद्र्यांना अटक झाली, आणि गाडीत असलेले खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केल्यावरच ती पुढे गेली. त्यानंतर संपूर्ण बॉर्डर्स भागात एकही रेल्वे स्थानक उरलं नाही.

१९९९ मध्ये ‘कॅम्पेन फॉर बॉर्डर्स रेल’ ही संघटना उभी राहिली. नव्या स्कॉटिश संसदेकडे तिने १७ हजारांवर सह्या दिल्या. मार्ग पुन्हा बांधायचा कायदा २००६ मध्ये झाला, पण खासगी भांडवलाची निविदा फसली. बोली लावणाऱ्या तीनपैकी दोन गट बाहेर पडले आणि काम अखेर नेटवर्क रेल या रूळ सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीकडे गेलं. ६ सप्टेंबर २०१५ ला प्रवासी गाड्या सुरू झाल्या. बांधकामाला २९.४ कोटी पौंड लागले.

हे पैसे कुठे गेले ते खिडकीतून दिसतं, म्हणून जाताना फोनऐवजी बाहेर बघा. शॉफेअरनंतर गाडी एडिनबराच्या बाह्यवळण रस्त्याखालून जाते. रूळ उखडल्यावर तिथे रस्ता झाला होता, रेल्वेसाठी तो वळवून खाली नवा पूल घालावा लागला. हार्डनग्रीनला जुन्या भरावाच्या जागी ए-७ रस्त्याचा गोल चौक आला होता, तर त्यावरून सगळा पूलच नवा बांधला. त्याच्या पुढचा, न्यूटनग्रेंजच्या अलीकडचा २३ कमानींचा पूल मात्र १८४७ चा, नुसता दुरुस्त करून वापरात आणलेला. जुनं बांधकाम टिकलं तिथे काम भागलं, जागा गेली तिथे खर्च फुगला. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या बंद पडलेल्या ‘शकुंतला’ रेल्वेसाठी झगडणाऱ्यांनी या मार्गाकडून पहिली मागणी हीच उचलावी, की गाडी कधीही येवो, रुळांच्या पट्ट्यात एकही बांधकाम होता कामा नये.

गोरब्रिजनंतर बॉर्थविकचा चढ लागतो, सत्तरास एक (सत्तर फुटांना एक फूट), थेट फालाहिलच्या माथ्यापर्यंत (सुमारे २६८ मीटर). तिथून उतार, आणि गाला नदीची सोबत. रूळ ती इतक्या वेळा ओलांडतात की डावी खिडकी की उजवी, हा प्रश्नच उरत नाही.

आता या मार्गाचं खरं दुखणं. नव्या ३० मैलांपैकी फक्त साडेनऊ मैल दुहेरी आहेत, तेही तीन तुकड्यांत. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगायला नको. इथे हे दुहेरी तुकडे (लूप) लांब ठेवलेत, गाड्या वेळेवर असतील तर न थांबता एकमेकींना ओलांडतात. पण एक गाडी दहा मिनिटं चुकली की समोरची अडकते, आणि वेळापत्रक सावरायला एखादी फेरी रद्द होते किंवा मधूनच परत फिरवली जाते. विमान किंवा लंडनची गाडी पकडायची असेल तर ठरलेल्या गाडीच्या आधीची एक पूर्ण गाडी हातात ठेवा. सुरुवातीच्या आराखड्यात १६ मैल दुहेरी होते, खर्च वाचवायला ते कमी केले. शिवाय बरेच नवे पूल एकाच रुळाच्या रुंदीचे बांधले, म्हणजे उद्या दुसरा रूळ टाकायचा तर पूलही नवे. हा निर्णय चुकीचा होता असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या सहा महिन्यांत ट्वीडबँकला सुमारे १९ हजार प्रवासी धरले होते, आले १ लाख ८४ हजार. गॅलाशील्सला २३ हजारांच्या जागी १ लाखावर. एडिनबराजवळच्या काही स्थानकांवर मात्र अंदाजापेक्षा कमी. म्हणजे ज्या लांबच्या टोकाला मागणी नाही असं गृहीत धरलं, तिथेच ती होती.

उतरायचं कुठे? न्यूटनग्रेंजला लेडी व्हिक्टोरिया खाणीतलं संग्रहालय चालत जाण्याजोगं आहे. स्टोमध्ये स्थानकाची १८४८ ची इमारत पाडण्यापासून वाचवलीय. गॅलाशील्सला बसस्थानक रस्ता ओलांडला की समोर, आणि स्कॉटलंडचा इतिहास भरतकामात मांडणारी ग्रेट टेपेस्ट्री गावातच. ट्वीडबँकहून कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं घर अ‍ॅबट्सफर्ड पायी वीस-पंचवीस मिनिटं, पाट्या आहेत. मेलरोझचा मठ साधारण तीन किमी, नदीकाठची वाट चांगली, पण पावसात चिखल होतो.

ट्वीडबँकला रूळ संपतात. पुढे हॉइक आणि कार्लाइलपर्यंत न्यावेत ही मागणी चालूच आहे; सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विकासासाठी झालेल्या २०२१ च्या बॉर्डरलँड्स करारात त्याच्या अभ्यासासाठी १ कोटी पौंड ठेवले होते. तो पुढचा मार्ग बघायचा तर आधी मेलरोझचं जुनं स्थानक बघा. इमारत सुरेख आहे, पण तिच्या पुढ्यातल्या रुळांच्या जागेचा भाग बाह्यवळण रस्त्याने घेतलाय. मग गॅलाशील्सहून एक्स-९५ बस घ्या, सेलकर्कवरून हॉइकला साधारण पाऊण तासात पोचते. तिथे स्थानकाच्या जागेवर क्रीडा संकुल उभं आहे आणि टेव्हियट नदीवरचा रेल्वे पूल पाडलेला आहे. हीच बस पुढे कार्लाइलला जाते, पण लँगहमवरून. जुना मार्ग न्यूकॅसलटनवरून होता, तेव्हा बसमधून तो दिसणार नाही.

तो बघायचा तर हॉइकहून स्वतःच्या गाडीने बी-६३९९ रस्त्याने दक्षिणेला जा. वाटेत शँकएंडचा १५ कमानींचा पूल रस्त्यावरूनच दिसतो. त्यापुढे व्हिट्रोपला वेव्हरली रूट हेरिटेज असोसिएशनच्या स्वयंसेवकांनी थोडे रूळ पुन्हा टाकलेत. ते ठिकाण ठरावीक दिवशीच उघडं असतं, तारीख पाहून निघा. जवळच्या सुमारे ११०० मीटर लांबीच्या बोगद्याचा काही भाग ढासळलेला आहे, आत शिरू नका. पेट्रोल आणि खाणं हॉइकलाच घ्या, व्हिट्रोपपर्यंत वाटेत दुकान नाही.