एकाहत्तर टक्के

पोलिसांनी नवऱ्याला उचललं. सगळं त्याच्याविरुद्ध होतं. गाडीच्या डिकीत रक्ताचा डाग, बायकोच्या नावावर नुकताच काढलेला विमा, मंगळवारी रात्री कुठे होतो ते धडधडीत खोटं सांगितलेलं. मी किंडलच्या तळाशी नजर टाकली. ७१ टक्के. म्हटलं, हा नव्हे. आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

माझी तपासाची पद्धत ही एवढीच. ठसे, राख, हेतू वगैरे बघायच्या भानगडीत मी पडत नाही. उरलंय किती, तेवढं बघते. लेखकाला अजून २९ टक्के भरायचेत, म्हणजे हा गृहस्थ सुटणार. चाळीस टक्क्यांना जो आपणहून कबुली देतो तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. साठाला ज्याच्यावर आपला संशय बसतो तो सत्तरीत मरतो. ऐंशीच्या पुढे एखादा भला माणूस, शेजारचा, रोज कुत्र्याला फिरवणारा, विनाकारण लांबलचक बोलायला लागला की समजून जावं. आणि नव्वदीला नायिका एकटीच त्या घरात शिरते. तिथे फोनला रेंज नसते.

ही रेंज म्हणजे बिचाऱ्या लेखकांची मोठीच पंचाईत आहे. पूर्वी टेलिफोनची वायर कापली की काम व्हायचं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन, फोनमध्ये नकाशा, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरा. हल्लीचे निम्मे खून बेटावर नाहीतर बर्फात होतात ते याचमुळे, असा माझा दाट संशय आहे. ठाण्यात खून करून दाखवा म्हणावं, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हायच्या आधी येईल.

किंडल लेकीने दिलं, मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा. त्याआधी हे टक्क्यांचं काम उजवा हात करायचा. डोळे खुन्याच्या मागे धावत असतात, पण उजवा अंगठा शांतपणे हिशेब ठेवत असतो: एवढी पानं राहिली, अजून कुणाला धरू नकोस. हा अंगठा मी आयुष्यात एकदाच सपशेल चुकलेला पाहिलाय, आणि ते साताऱ्याला.

मे महिन्यात आजोळी. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, त्यांची राखण माझ्याकडे. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा, मांडीवर पॉकेटबुक. कावळ्यांना हे लवकरच कळलं असावं की मुलगी पान उलटते त्या आधी दोन मिनिटं तिला काही दिसत नाही. त्या वर्षी कुरडया कमी का भरल्या याचा तपास आजीने लावला आणि तो अचूक होता.

पुस्तकं आणायचा मामा, वाचनालयातून, दिवसाला दहा पैसे भाड्याने. मामा बाबुराव अर्नाळकरांचा भक्त. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या आपण वाचल्यात असा त्याचा दावा होता. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांबद्दल तो घरच्या माणसांसारखा बोलायचा. मावशी त्याच्यापेक्षा नव्या विचारांची, तिला गुरुनाथ नाईक लागायचे. मला काहीही चालायचं. (कॉलेजात गेल्यावर सुहास शिरवळकर आले आणि मी दारा बुलंदच्या प्रेमात पडले, पण तो विषय वेगळा.) वाचनालयवाला पुस्तक आलं की त्याला खाकी पुठ्ठा घालून जाड दोऱ्याने अशी काही शिवण मारायचा की प्रत्येक ओळीतलं एखादं अक्षर शिवणीत जायचं. माणसांची नावंसुद्धा. सरदेशमुख आणि सरदेसाई हे दोन वेगळे इसम आहेत हे मला एकदा अर्धं पुस्तक संपल्यावर कळलं.

तर अंगठा. एका दुपारी माझ्या उजव्या हातात चांगली वीसेक पानं होती. डिटेक्टिव्हने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, दार लावून घेतलं, खुन्याचं नाव घेतलं. मी मनात म्हटलं, छे, वीस पानं आहेत अजून, हा नसणार. पान उलटलं तर ‘समाप्त’. पुढची सगळी पानं जाहिरातींची! आगामी कादंबऱ्या, लवकरच, आजच मागणी नोंदवा. मला इतका राग आला की मी तो खुनी पुढे कितीतरी दिवस मान्यच केला नाही.

त्याच मेमध्ये मामाने एक पुस्तक निम्म्या भाड्याने आणलं. पाच पैसे. का, तर शेवटचा अख्खा फॉर्मा गेलेला होता. वाचनालयवाला प्रामाणिक माणूस, म्हणाला, “शेवट नाही, तर शेवटाचे पैसे कशाला घेऊ?” मामाने ते मुद्दाम आणलं. रात्री जेवणं झाल्यावर तो मोठ्याने वाचायचा, आजी कंदिलाशी नाही पण दिव्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. पुस्तकात एका सावकाराला त्याच्याच वाड्यात भोसकलेलं होतं. वाड्याला तीन भुयारं. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथांसाठी दहा नियम घालून दिले होते, त्यात एक असा की गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. हे मला फार पुढे कळलं. पण तो नियम आमच्याकडे पोचला नाही ते बरंच झालं असं अजून वाटतं. भुयार म्हटल्यावर एकाने काय होतंय.

शेवट नसल्यामुळे खुनी आम्हीच ठरवायचा होता. मामाचा संशय पुतण्यावर, कारण वारस. मावशीचा दिवाणजीवर, कारण मिशा. मी मत रोज बदलायचे. आजी तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, “तो मेला वकील. सारखा हसतोय.” मग जरा वेळाने, मान वर न करता, “आणि त्या गेलेल्याला पोरंबाळं किती होती रे?”

मामा म्हणाला, “ते दिलेलं नाही आई.”

“दिलेलं नाही म्हणजे? मग त्याचे दिवस कोण घालणार?”

आम्ही इतके हसलो! पुढे मामा पुस्तक आणायचा आणि पहिलं पान उघडायच्या आत आम्ही दोघी ओरडायचो, दिवस कोण घालणार? आजी रागवायची नाही. पण प्रत्येक नव्या मढ्याला तिचा तोच प्रश्न असायचा, आणि एकाही पुस्तकात त्याचं उत्तर नसायचं. मढं पहिल्या पानावर पडायचं, दुसऱ्या पानावर डिटेक्टिव्ह यायचा, त्यानंतर त्या मेलेल्या माणसाचं काम संपलेलं असायचं.

कुठून कुठे आले. सांगायचं होतं हल्लीच्या थ्रिलरांबद्दल.

मी ते भरपूर वाचते आणि वाचताना भरपूर कुरकुरते. २०१२ साली गिलियन फ्लिनबाईंची ती बायको नाहीशी होणारी कादंबरी, ‘गॉन गर्ल’, गाजली, त्यानंतर काही वर्षं पाहावं त्या मुखपृष्ठावर एक ‘गर्ल’. ही गर्ल बत्तीस-पस्तीस वर्षांची असते, वाईन पिते, आणि तिला काल रात्रीचं काही आठवत नाही. पॉला हॉकिन्सबाईंची नायिका तर रोज लोकलने जाता-येता खिडकीतून रुळांलगतच्या घरातलं एक जोडपं बघते आणि त्यातून सगळं रामायण घडतं. मी तीस वर्षं ठाणे-सीएसटी केलं. चौथ्या सीटवर. चौथ्या सीटवरून खिडकी दिसत नाही, समोर उभ्या असलेल्या बाईची पर्स दिसते. त्यातून काय कादंबरी होणार?

प्रकरणंही आता दोन-दोन पानांची. एक ‘आता’, एक ‘अकरा वर्षांपूर्वी’. आणि प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी दार वाजवतं. दर दोन पानांनी दार वाजायला लागलं की मला दूधवाला, इस्त्रीवाला आणि कुरिअरच आठवतात. पण खरा वैताग मुखपृष्ठावरच्या त्या ओळीचा: शेवटचा धक्का तुम्ही कल्पनाही करू शकणार नाही. अहो, आधीच सांगितलंत ना! आता मी पहिल्या पानापासून कल्पना करत बसणार. मी मग कुणालाच सोडत नाही. कुत्र्यालासुद्धा. एकदा मढ्यावर संशय घेतला होता, आणि तो खरा निघाला.

असले धक्के नवीन आहेत असं मात्र नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९२६ मध्येच एका कादंबरीत असा खुनी काढला की वाचकांत भांडणं लागली, हे न्याय्य आहे की फसवणूक. कोण होता ते सांगत नाही. शंभर वर्षं झाली म्हणून काय झालं, सांगायचं नसतं. वाचनालयाच्या पुस्तकात सोळाव्या पानावरच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ‘हाच’ असं लिहून ठेवणाऱ्या इसमाला मी आजतागायत माफ केलेलं नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली एक कादंबरी अशी आहे की जिथे माझा टक्क्यांचा हिशेब चालतच नाही. जपानच्या कीगो हिगाशिनोंची, २००५ सालची. खून कुणी केला ते सुरुवातीलाच आपल्यासमोर घडतं. डब्याच्या दुकानात काम करणारी एक बाई, तिचा छळवादी आधीचा नवरा, आणि शेजारचा गणिताचा मास्तर, जो रोज सकाळी तिच्या दुकानातून डबा विकत घेतो. खुनी माहीत, मढं माहीत, तरी मी रात्री दोनपर्यंत जागी. अंगठ्याला काही कामच नव्हतं. तो रोजचा डबा माझ्या डोक्यातून गेला नाही, बाकीचे पुरावे गेले.

असो. आधणाला उकळी आली, चहा घेऊन मी पुन्हा त्या नवऱ्याकडे वळले. अपेक्षेप्रमाणे ७४ ला तो सुटला. ८० ला शेजारी बोलायला लागला आणि मी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या. ८१ ला कळलं, खून नवऱ्यानेच केला होता.

म्हणजे त्या लेखिकेला माहीत होतं. कुठल्यातरी दूरच्या गावात बसून तिने ओळखलं होतं की ठाण्यातली एक बाई ७१ टक्क्यांवर नजर टाकणार आणि ‘हा नव्हे’ म्हणून चहा ठेवायला उठणार. मला राग यायला हवा होता. पण एखाद्याने पत्त्यांत सरळ हुकूम दाखवून जिंकावं तसं वाटलं.

तरी पुढे १९ टक्के होतेच. खुनी सापडलेला, त्यामुळे मी भराभर पानं ढकलत होते. मेलेल्या मुलीची आई तिचं घर आवरत होती. कपड्यांच्या घड्या, फ्रिजमधलं दही, अर्धवट विणलेलं काहीतरी. मुलीचा फोन नंबर बंद करायला ती दुकानात जाते आणि न करताच परत येते. मी म्हटलं, पुरे आता, शेवटचा धक्का कुठाय? तेवढ्यात ८८ टक्क्यांना पुस्तक संपलं. उरलेल्या बारात आभार, आणि त्याच लेखिकेच्या पुढच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण. आगामी. लवकरच.

मग पडद्यावर तारे आले. पाचांपैकी किती? अजून घुश्शातच होते, तीन दिले आणि किंडल मिटलं. चहाचा कप विसळताना एकदम लक्षात आलं की त्या आईने काय केलं होतं. परत उघडलं. ८१ पासून पुढची पानं सावकाश वाचली.

दिलेले तारे बदलता येतात का, ते लेकीला विचारायला हवं.