बोकडाचं मुंडकं, भाग ३: कातडं एकदाचं फॉर्मवर बसलं

मंडळी, कातडं बसलं! ओढूनताणून नाही, नीट बसलं, आणि आज अकरावा दिवस आहे तरी शिवण जागची हललेली नाही. जरा सविस्तर लिहितो कारण माझा अख्खा नोव्हेंबर या एकाच गोष्टीत गेला.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. हे टॅक्सिडर्मीचं काम आहे: मेलेल्या प्राण्याचं कातडं टिकवायचं आणि फॉर्मवर, म्हणजे त्याच्या शरीराच्या आकाराच्या साच्यावर, चढवायचं. शिकायला मिळतात ते बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या व्हाइटटेल जातीच्या हरणाचे, तयार फॉर्मसुद्धा त्याचेच. आपल्याकडे चितळ, सांबर, भेकर सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलून घरी आणायचं नाही, म्हणून मी उस्मानाबादी बोकड घेतला. मटणवाल्या चाचांना आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं की मुंडी भाजू नका आणि मानेचं कातडं खांद्यापर्यंत अखंड ठेवा, कारण आपल्याकडे मुंडी मागितली की केस जाळूनच हातात मिळते. गळ्यावरचा काप मात्र टळत नाही, तो आतल्या बाजूने बारीक टाके घालून आधीच शिवून घ्यावा लागतो. मीठ, लिंबूसत्त्वाचं पिकल (आंबट पाण्यात कातडं मुरवणं), सोड्याचं पाणी, तुरटी हे सगळं मागच्या भागात झालंय.

आता मुद्द्याचं. पहिल्यांदा फॉर्म केला तेव्हा मी माप घेतलं ते तुरटीतून काढलेल्या ओल्या कातड्याचं, टेबलावर पसरून. ओलं कातडं ताणलं की ताणलं जातं, मानेला तीन सेंटीमीटर आरामात जास्त देतं, आणि त्या मापावर मी पीयू फोम (कडक पॉलियुरेथेन फोम) कोरून फॉर्म केला. शिवताना कडा जुळत होत्या, फक्त जरा ओढाव्या लागत होत्या, मला वाटलं एवढं चालेल. सकाळी बघतो तर शिंगांच्या मागे शिवण बोटभर उघडलेली, टाक्यांनी कातडं फाटायला आलेलं आणि दोन्ही पापण्या डोळ्यांभोवतीच्या मातीवरून सुटून मागे गेलेल्या. फार वाईट वाटलं, खरंच. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, मऊ झाल्यावर टाके उसवले आणि कातडं परत उतरवलं.

वाचलं कशामुळे, तर वहीमुळे. मुंडी घरी आणली त्या दिवशी कातडं सोलल्यावर लगेच मांसावरून टेप फिरवून मापं लिहून ठेवली होती: नाकाचं टोक ते डोळ्याचा पुढचा कोपरा 13 सेंटीमीटर, कानामागे मानेचा घेर 34. माझा फॉर्म तिथे 37 भरला. म्हणजे कातडं आखूड नव्हतंच, फॉर्म जाडा होता! बोहरी आळीतून खरबरीत कानस आणली आणि दोन संध्याकाळी गच्चीवर बसून मान घासली, थोडं घासायचं, कातडं चढवून बघायचं, परत घासायचं. 33.5 ला थांबलो, खळीच्या थराला जागा हवी म्हणून अर्धा सेंटीमीटर कमी.

आपल्या भाषेत या कामाला पेंढा भरणं म्हणतात आणि मला वाटतं माझ्या डोक्यात तेच बसलं होतं, की कातडं ही पिशवी आणि आपण ती भरायची. पूर्वी खरोखर भरायचेच. कार्ल एकली या अमेरिकन टॅक्सिडर्मिस्टसारख्या लोकांनी 1890 च्या सुमारास आधी प्राण्याचं शरीर शिल्पासारखं घडवायचं आणि मग त्यावर कातडं चढवायचं हे रुजवलं, आणि आपण आज करतो ते तेच. शरीर बरोबर असेल तर कातड्याला स्वतःची जागा माहीत असते. माझी आताची परीक्षा सोपी आहे: खळ न लावता कातडं चढवायचं, मानेमागच्या कडा दोन बोटांनी जवळ आणायच्या आणि सोडून द्यायच्या. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त मागे सरकल्या तर कानस उचलायची, सुई नाही.

मग रविवारी सकाळी सातला बसलो ते रात्री नऊपर्यंत. शिंगांची कवटी स्क्रूने पक्की केली, डोळ्यांभोवती शाडू लावली. बोकडाची बाहुली आडवी फट असते आणि ती जमिनीला समांतर राहते, मान खाली घातली तरी, कारण डोळा खोबणीत फिरतो, 50 अंशांपर्यंत. माझ्या फॉर्मची मान थोडी झुकलेली आहे, त्यामुळे डोळे नाकाच्या रेषेत बसवले असते तर नजर मेल्यासारखी दिसली असती. फॉर्म भिंतीला टांगून, समोर स्पिरिट लेव्हल धरून एकेक डोळा फिरवला. उजवा जमायला चाळीस मिनिटं लागली, पण जमला त्या क्षणी तो बघायला लागला, दुसरा शब्द नाही.

कानाची कूर्चा (आतलं लवचीक हाड) काढून त्या जागी जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे घातले. हरणाचा उभा कान कडक लायनर (आतला आधार) मागतो, उस्मानाबादीचा कान लोंबता आणि मऊ, त्याला ही फिल्म झकास वाकते. फक्त दोन्ही बाजू सँडपेपरने घासून घ्या, गुळगुळीत राहिली तर खळ धरत नाही आणि वाळल्यावर कातडं सुटून ढोलासारखं वाजतं. डेक्स्ट्रिनची (स्टार्चपासून केलेल्या डिंकाची) खळ इडलीच्या पिठाएवढी दाट, सगळीकडे हाताने लावली, कातडं चढवलं, आधी चेहरा जुळवला, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची खाच, मगच मागची शिवण. तीनधारी सुई, मेण लावलेला दोरा, प्रत्येक टाका आतून बाहेर, म्हणजे केस आत ओढले जात नाहीत.

वाळवणं हे स्वतंत्र काम आहे आणि मी ते हलक्यात घेतलं होतं. पावसाळा नको म्हणून थंडीपर्यंत थांबलो, पण आत्ताची हवा इतकी कोरडी आहे की पातळ भाग आधी वाळून ओढ घेतात. चौथ्या दिवशी डाव्या कानाची कड वळायला लागली, ओला कापूस अर्धा तास ठेवून मऊ केली आणि दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून क्लिपा मारल्या. डावा ओठ खाचेतून दोन मिलिमीटर वर आलाय, तिथेही पिना टोचल्यात, आता रोज ऑफिसमधून आलो की आधी बोटाने सगळीकडे चाचपतो, आईनेही दुपारी एकदा बघायचं कबूल केलंय.

तुमच्यापैकी कुणी बोकडाच्या नाकपुडीचा आतला भाग रंगवलाय का? काळं नाक आहे पण आत गुलाबीसर दिसायचं, फोटो काढून ठेवलेत. पिना अजून आठवडाभर तरी काढत नाही, तोवर सांगा.