ट्रू रिलिजन: कर्जाने बुडवलेली आणि पोरांनी उचलून धरलेली जीन्स

जीन्सच्या ब्रँडचा विषय निघाला की लोक लिव्हाईजच्या पुढे जात नाहीत. मला मात्र कधीची ट्रू रिलिजनबद्दल लिहायची इच्छा होती, कारण कपड्यांच्या धंद्यात जे जे चांगलं आणि जे जे वाईट घडू शकतं ते सगळं या एका ब्रँडच्या नशिबी वीस-बावीस वर्षांत येऊन गेलंय.

2002 साली लॉस एंजेलिसमधे जेफ लुबेल आणि किम गोल्ड या तेव्हाच्या नवरा-बायकोने हा ब्रँड काढला. तिकडे महागड्या डेनिमची लाट नुकतीच सुरू झाली होती, सेव्हन फॉर ऑल मॅनकाइंडसारखे ब्रँड आले होते आणि जीन्ससाठी शंभर-दीडशे डॉलर मोजायची लोकांना सवय लागत होती. यांनी किंमत अजून वर नेली, पण त्यासोबत शिलाईच बदलली, आणि मला विचाराल तर सगळी जादू तिथेच आहे. सुपर टी म्हणतात त्या शिलाईला. पाच पदरी जाड दोरा आणि इंचाला फक्त दोन टाके! नेहमीच्या जीन्सला इंचात सहा-आठ टाके असतात, म्हणजे इथे एकेक टाका केवढा लांब पडत असेल बघा, गोधडीचा धावदोरा कसा लांबूनच डोळ्यात भरतो, तसंच. साध्या मशीनला एवढा जाड दोरा झेपतही नाही. त्यात मागच्या खिशांवर घोड्याच्या नालेची मोठी शिलाई, खिशाला फ्लॅप आणि लेबलवर गिटार वाजवणारा हसरा बुद्ध. कोणी पाठमोरं चाललं असलं तरी जीन्स कुठली ते वीस फुटांवरून कळायचं. जोई नावाची बायकांची बेलबॉटमसारखी पँट आणि पुरुषांची रिकी, या दोन्ही तुफान चालल्या. मुंबईत फॅशन स्ट्रीटला, लिंकिंग रोडला तशाच जाड पांढऱ्या दोऱ्याच्या नकला लटकायला लागल्या होत्या, ज्यांनी त्या काळात तिथे खरेदी केलीय त्यांना आठवत असेल.

2012 साली कंपनीची विक्री 46 कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. त्याच वर्षी शिकागोचा चीफ कीफ हा सोळा-सतरा वर्षांचा रॅपर एकदम वर आला आणि त्याच्या गाण्यांतून ट्रू रिलिजनचं नाव सारखं येत राहिलं. कंपनीने त्याला सांगितलं नव्हतं, पोरांना ती जीन्स मनापासून आवडत होती, बस. माझ्या मते ब्रँडची खरी कमाई हीच होती, फक्त ती बॅलन्सशीटवर कुठे दिसत नाही.

आणि मग 2013. टॉवरब्रुक नावाच्या प्रायव्हेट इक्विटी फर्मने (म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशांनी कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणारी फर्म) अख्खी कंपनी 83 कोटी डॉलरच्या आसपास विकत घेतली, लुबेल त्याआधीच बाजूला झाला होता. असे सौदे कसे होतात ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं दुखणं त्यातलंच आहे. कंपनी विकत घ्यायला मोठं कर्ज काढतात, आणि ते फेडायची जबाबदारी विकत घेणाऱ्याच्या नाही तर त्या कंपनीच्याच डोक्यावर येते. म्हणजे जीन्स विकून आलेला पैसा आधी व्याजात जाणार, नवीन डिझाइन, दुकानं, जाहिरात सगळं त्यानंतर. धंदा जोरात असेल तर हे चालून जातं. पण नेमक्या त्याच काळात अमेरिकेत लेगिंग आणि योगा पँटचं वेड आलं, मॉलमधली गर्दी ओसरली, मोठे लोगो आणि भडक शिलाई एकदम जुनाट वाटायला लागली. ज्या शिलाईवर ब्रँड उभा राहिला तिच्यापासूनच ब्रँड लांब जायला लागला. जुलै 2017 मधे कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेत अशा अर्जाने कंपनी लगेच बंद पडतेच असं नाही, कोर्टाच्या देखरेखीखाली कर्ज कमी करून ती परत उभी राहू शकते. तेव्हा साधारण 47 कोटी डॉलरचं कर्ज होतं, ते 11 कोटींच्या आसपास आणून ऑक्टोबरमधे ती बाहेर आली.

तीन वर्षंही धड झाली नाहीत तोवर कोविड आला, सगळी दुकानं बंद झाली आणि एप्रिल 2020 मधे दुसऱ्यांदा दिवाळखोरी. इथे बहुतेकांनी ब्रँडचं नाव सोडून दिलं असणार. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण इतकी स्वतःची शिलाई असलेला ब्रँड रोज जन्माला येत नाही.

पण त्याच्या थोडं आधी, 2019 मधे, मायकेल बकली सीईओ म्हणून परत आला होता. तो 2006 ते 2010 याच कंपनीचा प्रेसिडेंट होता, त्यामुळे चांगले दिवस त्याने आतून पाहिले होते. त्याने दुकानं कमी केली, ऑनलाइन विक्रीवर जोर दिला, किमती खाली आणल्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपली जीन्स खरंच कोण घालतंय ते बघितलं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण, हिप-हॉप ऐकणारी पोरं. हॉलिवूडच्या श्रीमंत बायका केव्हाच दुसरीकडे गेल्या होत्या, ही पोरं मात्र सोडून गेली नव्हती. मला या अख्ख्या गोष्टीतला हा निर्णय सगळ्यात जास्त आवडतो. त्यांच्याकडे बघून मोठी नाल परत आली, जाड दोरा परत आला. 2021 मधे सुप्रीम या स्ट्रीटवेअर ब्रँडसोबत कलेक्शन झालं, 2022 मधे ब्रँडला वीस वर्षं झाली तेव्हा थेट चीफ कीफसोबतच कलेक्शन काढलं (दहा वर्षं उशिरा का होईना, त्याचं देणं होतंच), 2024 च्या नाताळाच्या जाहिरातीत रॅपर मेगन दी स्टॅलियन होती. त्यात 2000 च्या काळातली फॅशन टिकटॉकवर परत आली, पोरं डेपॉप या वापरलेले कपडे विकणाऱ्या अ‍ॅपवर जुन्या जोई आणि रिकी शोधून घ्यायला लागली. नशिबाने साथ दिली हे खरंच, पण माल आधीपासून ओळखीचा होता म्हणून त्या साथीचा फायदा घेता आला.

जानेवारी 2025 मधे एकॉन इन्व्हेस्टमेंट्सने एसबी360 सोबत मिळून कंपनीतला मोठा हिस्सा घेतला. म्हणजे पुन्हा एक गुंतवणूक फर्म मालक, आणि मला यात आनंदापेक्षा धाकधूक जास्त आहे. नवे मालक किती दुकानं उघडतात ते सगळेच लिहितील, मी मात्र दोनच गोष्टी बघत राहणार, कर्ज परत कंपनीच्या डोक्यावर किती चढतंय आणि बकलीने जवळ आणलेल्या त्या ग्राहकाला परवडेल अशी किंमत टिकतेय का.