हिवाळ्यापूर्वी ये

एडिनबरामध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजून चाळीस मिनिटांनी मावळतो. नगरहून येताना मी थंडीची धास्ती घेतली होती, पण थंडीवर कोट मिळाला, अंधारावर मात्र काही मिळेना. नाताळपर्यंत निभावते, कारण नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या मेणबत्त्या, गीतांचा सराव आणि मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, लगबग मनाला उचलून धरते. खरी परीक्षा जानेवारीत असते. त्या पहिल्या जानेवारीत मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडत असे आणि तीच ओळ तीनदा वाचून मिटून ठेवत असे. सलग तीन रविवार उपासनेला गेले नाही आणि कोणाला काही कळवलेही नाही.

त्याच दिवसांत बायबलमधील, प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय वाचताना, एरवी निरोपाच्या म्हणून ओलांडून जात असे त्या ओळींपाशी मी थांबले. आपली धाव संपत आल्याचे सांगणारा, कैदेत असलेला पौल त्याच अध्यायात त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा मागवतो, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे मागवतो, मार्काला सोबत आणायला सांगतो आणि हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो. त्या काळी हिवाळ्यात भूमध्य समुद्रावरील जहाजांची ये-जा जवळजवळ थांबत असे, त्यामुळे तीमथ्याला उशीर झाला असता तर भेट थेट वसंतावर गेली असती. विश्वासात एवढा खंबीर असलेला माणूस ऊब, वाचन आणि सोबत मागतो आणि मागताना संकोचत नाही, हे मला तोवर दिसलेच नव्हते. मी मात्र आणखी प्रार्थना केली की सारे ठीक होईल, असे स्वतःला बजावत एकटीच कुढत होते.

मग मीही मागितले. इथे पावणेचार वाजतात तेव्हा नगरला सव्वानऊ झालेले असतात, म्हणजे जेवणे आटोपून कुटुंबप्रार्थनेला बसण्याची वेळ. तेव्हा रोज फोन लावशील का, असे आईला विचारले. ती फोन पेटीवर ठेवते, त्यामुळे सुरांच्या आधी भात्याचा श्वास ऐकू येतो, मग खाकी कव्हर घातलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची पाने उलटल्याचा आवाज, आणि मग बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे पद. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला राहून आमच्या उपासनेला अभंगांची आणि भजनांची भाषा दिली. खिडकीबाहेर काळोख दाटत असताना ते शब्द कानी पडले की माझी स्वतःची प्रार्थना अडली असली तरी मंडळीची चालू आहे, एवढे तरी कळते.

इथल्या मंडळीतील एका वयस्कर बाईंना मी केवळ रविवारी सकाळी फोन करण्याची विनंती केली होती. त्या फोन न करता दारातच उभ्या राहिल्या. बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधलेले, आणि माझ्यासाठी हातात तसाच एक जोड. त्या सकाळी आम्ही हात धरून उतार उतरलो आणि वाटेत फारसे बोललो नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. सोबत आणि प्रार्थना असूनही ज्यांचा अंधार हटत नाही, झोप आणि भूक बिघडते, त्यांनी डॉक्टरांकडे जावे. ऋतूबरोबर येणारे नैराश्य हा आजार आहे, ती विश्वासातली उणीव नव्हे. बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते देवाशीच बोललेले आहे.

2 फेब्रुवारीला, नाताळ धरून चाळिसाव्या दिवशी, बाळ येशूला मंदिरात आणल्याचे स्मरण होते. त्याला ओळखणारे शिमोन आणि हन्ना दीर्घकाळ वाट पाहत आलेले होते, म्हणून हा दिवस मला नाताळाइतकाच जवळचा वाटू लागला आहे. त्या दिवशी नेहमीच्या वेळी फोन आला. “अंधार पडला का गं?” आईने रोजच्यासारखे विचारले. मी खिडकीकडे पाहिले आणि म्हणाले, “अजून नाही. अजून तासभर उजेड आहे.”